साडीवरून घेतलेलं माप

मी पोटाचा पट्टा बोलतोय. आधीच सांगतो, गोड बोलणार नाही.

१९५८ साली मद्रासला, मैलापुरातल्या चंद्रमौळींच्या दुकानात माझा जन्म झाला. जाड कापड, आत पोलादी पट्ट्या, मागे बांधायचे बंद. ऑपरेशन झालेल्यांचं पोट आवरून धरायचं, हे आमचं काम. पट्टा अंगावर चढवायचा, कडेतून बोट घालून बघायचं, मगच शेवटची शिलाई. चंद्रमौळींचा त्यात हातखंडा. आणि मला? मला शिवलं एका सुतळीवरून!

ती आणली कृष्णकांतनं, रेल्वेतल्या कारकुनानं. त्याची बायको सईबाई. पोट फाडून मुलगी झालेली, टाक्यांपाशी फुगवटा आलेला. पट्टा नीट बसल्याशिवाय मूल उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण सून परपुरुषाकडून माप घेणार? शिव शिव! सासूबाईंनी, सकवारबाईंनी, घरीच सुतळी गुंडाळली. तीही नऊवारीच्या घोळावरून!

"अंगालगतचं माप आहे ना?" चंद्रमौळींनी विचारलं.

"आईनं घेतलंय," कृष्णकांत म्हणाला.

झालं! आईनं घेतलंय म्हणजे ब्रह्मवाक्य.

मी सईबाईच्या पोटावर नुसता लोंबायचो. बसली की वर, उठली की खाली. पोर रडली की ती हात पुढे करायची आणि कळ येऊन मटकन खाली बसायची. पोरीला सकवारबाई उचलायच्या. वर बोल मलाच, "पट्टाच कुचकामी!" नाचता येईना, अंगण वाकडं!

असे आठ महिने गेले. आठ! शेवटी एके सकाळी सईबाईनं मला काखोटीला मारलं. सासू दारात आडवी आली.

"दवाखान्यात पोट फाडलं ते कुणी, बायकांनी?" सईबाई कडाडली. "तेव्हा कुठं गेली होती तुमची लाज?"

अस्सा खूश झालो मी!

चंद्रमौळींनी स्वतः टेप लावली. मी पाच इंच मोठा निघालो.

"चूक माझी, अम्मा," ते म्हणाले. "न बघता शिवायलाच नको होतं."

मला उसवून त्यांनी पुन्हा शिवलं. या वेळी बसलो. सईबाईनं पाठ ताठ केली आणि भराभर घरी आली.

"ये गं, ये," म्हणत ती पोरीसमोर वाकली. पोर एव्हाना वर्षाची होऊन चालायला लागलेली. तिनं आईकडे पाहिलं आणि तुरुतुरु जाऊन आजीच्या पदराआड लपली.

आजही सईबाई हात पुढे करते, आजही पोर तिकडेच पळते. मी चोख काम करतोय, पण उचलायला पोर जवळ तर यायला हवी!

सकवारबाई, तुमची अब्रू राहिली ना? मग आता त्या पोरीला आईकडे जायला शिकवा. तेवढं तरी करा!