वाळूच्या बादलीकडे तोंड

मी एक जुनं पिस्तूल आहे. दचकू नका मित्रांनो. या घडीला मी लोखंडी पेटीत, कुलपाआड, मऊ फडक्यावर आडवा पडलो आहे. माझं निम्म्याहून अधिक आयुष्य असं डुलक्या काढण्यातच गेलं.

ज्या लोखंडाच्या रसातून मी निघालो, त्यातूनच एक शिवणयंत्र आणि शाळेची एक घंटा जन्माला आली. झोपेत मला अजूनही वाटतं, मीच ती घंटा आहे आणि माझ्या एका टोल्यासरशी चारशे मुलं घरी पळताहेत. खोटं वाटत असेल तर घंटेलाच विचारा. तिला पिस्तूल झाल्याची स्वप्नं पडतात. मग बिचारी अवेळी वाजते.

माझा पहिला धनी एका पेढीचा पहारेकरी. त्याच्या मिशा इतक्या दाट, की त्यांत वाट चुकलेला चोर तीन दिवसांनी भुकेने बाहेर आला म्हणे! तीस वर्षं मी त्याच्या कमरेला होतो. वर्षातून एकदा कागदी वर्तुळांवर नेमबाजी करायची, तेल प्यायचं, शाबासकी घ्यायची. माणसावर एकदाही रोखला गेलो नाही. तो निवृत्त झाला आणि मी विक्रेत्याच्या कपाटात गंज खात पडलो.

पुढे एका घड्याळजींचं दुकान दोनदा फुटलं. त्यांनी परवाना काढला आणि मला घरी आणलं. दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत. अलीकडे अकरा घड्याळांची टिकटिक, पलीकडे घड्याळजींच्या बायकोची गुणगुण. एकच चाल, तीही अर्धी. कधी पुरी व्हायची नाही. त्या दोन्हींच्या मध्ये मला अशी झोप लागायची, की काटे थबकून माझं घोरणं ऐकत.

नेमबाजी शिकवणाऱ्या मास्तरीणबाई मोठ्या खमक्या. "घड्याळजी, हे कायम भरलेलंच आहे असं समजायचं. नळीचं तोंड अशा दिशेला, जिथे गोळी सुटली तरी कुणाला लागणार नाही. नेम धरल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही. रिकामं करताना आधी खालचं मॅगझिन, म्हणजे काडतुसांची डबी, काढायची, मग वरचा भाग मागे ओढून आत बघायचं. दुसऱ्याच्या हातात देताना पुन्हा बघायचं."

"इतक्या वेळा?"

"घराचं कुलूप ओढून बघता ना तीनदा? तसंच."

घड्याळजींनी दुकानाच्या कोपऱ्यात वाळूने भरलेली मोठी बादली ठेवली. माझं तोंड नेहमी तिच्याकडे.

पण हाताची सवय मोठी हट्टी. घड्याळ खोलायचं ते वरून खाली. एका दुपारी घड्याळजी मला भरून, रिकामं करून बघत होते आणि सवयीने त्यांनी आधी वरचा भाग ओढला. एक काडतूस बाहेर उडालं. वरचा भाग जागेवर परतला आणि परतताना मॅगझिनमधलं दुसरं गुपचूप नळीत घेऊन आला. मग त्यांनी मॅगझिन काढलं, हात पुसले. "झालं रिकामं!"

मी काय बोलणार? तोंडात घास होता.

तेवढ्यात मेहुणा आला. "दाजी, बघू तरी तुमचं खेळणं! त्या मधल्या घड्याळाच्या बाराच्या आकड्यावर नेम धरतो. नुसता चाप ओढतो, टक्!"

मधलं घड्याळ त्या फळ्यांच्या भिंतीवर टांगलेलं होतं. फळीमागे गुणगुण चालू होती.

घड्याळजींनी मला उचललं. हात पुढे केला आणि ते थबकले. "थांब, बघून देतो."

"अहो, मॅगझिन तर टेबलावर पडलंय! ताई म्हणते ते खोटं नाही. बूट घालण्याआधी आत पाय आहे का तेही बघाल तुम्ही!"

घड्याळजी ओशाळले. मित्रांनो, माझे प्राण कंठाशी आले. पण तिथे आधीच काडतूस बसलेलं!

ओशाळलेल्या चेहऱ्यानेच त्यांनी मला बादलीकडे वळवलं, बोट चापापासून लांब सरळ ठेवलं आणि वरचा भाग ओढला.

ठण्!

पितळी काडतूस उडालं, एका घड्याळाच्या काचेच्या घुमटावर आपटलं आणि टेबलावर गोल फिरत निजलं. मेहुण्याचं चापासाठी वाकवलेलं बोट तसंच हवेत राहिलं. फळीमागची गुणगुण थांबली.

"काय पडलं हो?"

घड्याळजींनी काडतूस मुठीत घेतलं. "सांगतो, सगळं सांगतो," ते म्हणाले. "आधी तू गा."

"गाते कुठली! भाऊ आलाय का? चहा घेणार का रे?"

भावाने मान हलवली. फळीपलीकडून ती कशी दिसणार?

त्या दिवसापासून काडतुसं वेगळ्या पेटीत, वेगळ्या कुलपात असतात. घरात खऱ्या काडतुसांचा सराव बंद झाला. आणि माझ्या पेटीच्या झाकणावर घड्याळजींच्या बारीक अक्षरात एक ओळ आली : 'आधी खालचं, मग वरचं, मग डोळे.'

मित्रांनो, माझ्यासारखा कुणी उघड्यावर दिसला, तर हात लावू नका. तिथून दूर व्हा आणि मोठ्यांना हाक मारा. आणि मोठ्यांपैकी कुणी "रिकामंच आहे" म्हणालं, तर या म्हाताऱ्याचा निरोप सांगा : रिकामं म्हणायचं नसतं, बघायचं असतं.

ऐका, फळीपलीकडे ती चाल सुरू झाली. ती पुरी होईपर्यंत मला झोपू द्या. ती काही पुरी होत नाही.