पों म्हणजे बाजूला व्हा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. पुढारी ज्यातून बोलतात तो मी नव्हे. तो अजून जोरात आहे. मी टेम्पोच्या दाराशी बसवलेला, पितळी नळीचा आणि काळ्या रबरी फुग्याचा साधा भोंगा. फुगा दाबला की आतली हवा पितळेच्या पत्तीला थरथरवते आणि मी म्हणतो, पों. मला एवढा एकच शब्द येतो. एका शब्दावर आयुष्य काढणं किती जोखमीचं असतं, ते मला पालघर आणि मनोरच्या मधल्या वाघोबाच्या खिंडीत कळलं. तीच हकिकत तुम्हाला सांगतो.

माझा जन्म मुंबईतल्या एका पितळेच्या कारखान्यात झाला. पत्ती बसवणाऱ्या कारागिराने मला कानाशी धरून दोनदा वाजवलं, तोंड वाकडं केलं आणि मोटारींच्या खोक्यातून उचलून ट्रक-टेम्पोच्या खोक्यात टाकलं. याला म्हणतात शिक्षण. तिथून मी पालघरच्या बाजारात आलो आणि मारुतीने मला विकत घेतलं.

मारुती साताऱ्याकडचा. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हा पाण्याचा टँकर चालवायला आला. केंद्र उभं राहिलं, टँकर गेला, मारुती राहिला. त्याने एक जुना टेम्पो घेतला आणि मनोर नाक्यावर मोठे ट्रक जो माल उतरवत, तो खिंड ओलांडून, पालघरवरून बोईसरच्या कारखान्यांत पोचवू लागला. शेजारी एवढी वीज तयार होत होती, पण ती टेम्पोच्या टाकीत ओतायची सोय नव्हती. नाव मारुती असलं तरी त्याच्या उड्डाणाला डिझेलच लागायचं.

पहिली वर्षं कौतुकाची होती. मारुतीची बायको गोजराबाई दसऱ्याला मला चिंचेने घासून लख्ख करायची आणि गळ्यात झेंडूची माळ घालायची. रस्त्यावर मी पों म्हटलं की माणसं बाजूला होत, गुरं बाजूला होत, सायकलवाले तर खाली उतरून बाजूला होत. माझ्या शब्दाला वजन होतं. खिंडीच्या माथ्यावर वाघोबाचं ठाणं आहे. तिथे मारुती टेम्पो थांबवायचा, चपला काढायचा, देवापुढे फूल ठेवायचा, घोटभर पाणी प्यायचा आणि मगच उताराला लागायचा. त्या मुलखात वाघाला वाघ म्हणत नाहीत. देव म्हणतात, नाहीतर बाबा म्हणतात. मारुतीही बाबाच म्हणू लागला होता.

मग दूर अरबांच्या मुलखात लढाई झाली आणि तेल महागलं. पुढे काही वर्षांनी इराणात उलथापालथ झाली आणि ते पुन्हा महागलं. पालघरच्या पंपावर कधी डबे घेतलेल्यांची रांग, तर कधी नुसती पाटी. लढणाऱ्यांपैकी कुणाला मारुती माहीत नव्हता, पण त्यांनी त्याचं घर मात्र बरोबर शोधून काढलं.

मारुतीने काटकसर सुरू केली. क्लीनरला निरोप दिला; त्याच्या जागी गोजराबाई भाकरीचं फडकं घेऊन शेजारी बसू लागली. वजन कमी म्हणून टपावरचा कठडा काढला. जादा चाकही घरी ठेवलं. एका सकाळी तो पुन्हा टेम्पोभोवती फिरून काय काढता येईल ते बघत होता, तेव्हा गोजराबाई आतूनच म्हणाली, "अहो, मी उतरू का? माझंबी वजन हाय."

"बस," मारुती म्हणाला. "तुला घरी ठेवली तर दुपारची भाकरी विकत खावी लागंल."

बोईसरच्या नाक्यावर एक मेकॅनिक होता. त्याने मारुतीला खरा कानमंत्र दिला. "उतार पे तो पत्थर भी मुफ्त में जाता है, मारुतीभाऊ. इंजिन को काहे को पिलाते हो?" म्हणजे माथ्यावर इंजिन बंद करायचं, गियर न्यूट्रलला टाकायचा आणि टेम्पो नुसता घरंगळत पालघरच्या अंगाला उतरू द्यायचा. यात एकच गोम होती. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मदत करणारी हवाही बंद होते. दोन-तीनदा पाय दाबला की ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट होतं. मेकॅनिकने तेही सांगितलं होतं. पण फुकट या शब्दानंतरचं वाक्य माणसाला नीट ऐकू येत नाही.

आता माथ्यावर थांबणंही परवडेना. थांबला की टेम्पोची गती मरायची आणि फुकटचा उतार अर्धा वाया जायचा. म्हणून मारुतीने देवाशी तोड काढली. चपला नाहीत, फूल नाही, पाणी नाही. जाता जाता माझा फुगा दाबायचा. पों. म्हणजे नमस्कार पोचला. त्याचं बघून जीपवाले तसंच करू लागले, मग ट्रकवाले. वर्ष-दोन वर्षांत तो रिवाजच पडला. खिंडीत भोंगा वाजला की रस्त्यावरचे लोक समजत, कुणीतरी बाबाला नमस्कार केला. तेही जिथे असतील तिथे थांबून हात जोडत. मला हा मान सुरुवातीला आवडला, हे कबूल करतो. बाजूला व्हा म्हणणारा हवालदार होतो, तो एकदम पुजारी झालो.

महागाईचं दुसरं टोक बुधाच्या हाती आलं होतं. बुधा खिंडीखालच्या पाड्यावरचा, थोड्याशा हलक्या, वरकस जमिनीचा धनी. बोईसरचे काही कारखाने बॉयलरमध्ये तेल जाळायचे. ते परवडेना, तेव्हा त्यांनी भट्ट्या बदलल्या आणि भाताचा तूस जाळायला घेतला. कालपर्यंत गिरणीमागे ढिगाने पडून राहणाऱ्या तुसाला भाव आला. मनोरच्या गिरणीतून तूस भरून पालघरला पोचवायला बुधाने आपली बैलगाडी काढली. बायको मंगळी पोत्यांच्या ढिगावर बसून दोऱ्या सांभाळायची. तेल महागलं म्हणून बुधाची गाडी रस्त्यावर आली आणि तेल महागलं म्हणून मारुतीचं इंजिन रस्त्यावर बंद पडू लागलं. दोघांचा रस्ता एकच होता.

तो दिवस भर दुपारचा होता. टेम्पोत पावडरीची पोती गच्च भरलेली. माथा आला, मारुतीने इंजिन बंद करायची खुंटी ओढली, ते गप्प झालं आणि त्याने माझा फुगा दाबला. मी नेहमीचा नमस्कार केला. टेम्पो घरंगळू लागला. आता वाऱ्याचा आणि टायरांचा तेवढा आवाज.

पहिल्याच वळणावर वानरांची टोळी रस्त्यात बसली होती. मारुतीने ब्रेक दाबला. वानरं उठली, चार पावलं गेली आणि विचार बदलून परत आली. त्याने पुन्हा दाबला. शेवटचं पिल्लू आईच्या पोटाला चिकटेपर्यंत त्याने तिसऱ्यांदा दाबला. टोळी बाजूला झाली, टेम्पोने पुन्हा वेग घेतला आणि मारुतीने चौथ्यांदा पाय ठेवला तेव्हा पेडल हललंच नाही.

त्याने दोन्ही पाय पेडलवर रोवले आणि सीटवरून अर्धा उठला. पेडल बोटभर गेलं, टेम्पो जेमतेम अडखळल्यासारखा झाला. त्याने इंजिनाची खुंटी आत ढकलली, गियर टाकू लागला. आत दातांवर दात घासले, कर्रर्र, पण गियर बसेना. गोजराबाईने हातब्रेक धरला आणि दोन्ही हातांनी ओढला. तो सगळाच्या सगळा वर आला, आणि टेम्पोला त्याचा पत्ताही लागला नाही.

"अहो," ती म्हणाली.

"हं," मारुती म्हणाला. एवढंच बोलणं झालं.

डावीकडे दरी होती, उजवीकडे खोल गटार आणि त्यापलीकडे उभी दरड. दुसऱ्या वळणावर टेम्पो एका बाजूला कलला, मागची पोती दणकन सरकली. वळण सुटलं आणि समोर खालच्या टप्प्यावर बैलगाडी दिसली. रस्त्याच्या मधोमध, सावकाश, तुसाच्या पोत्यांचा डोंगर घेऊन चाललेली. वर मंगळी, पुढे बुधा.

मारुतीने माझा फुगा दाबला. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, पों.

बुधाने मागे वळून वर पाहिलं. कासरा काखेत धरला आणि हात जोडले.

मारुतीने पुन्हा दाबला. पोत्यांवरून मंगळीने पदर सावरला आणि कपाळाला हात लावला. त्याने सलग दाबायला सुरुवात केली, पों पों पों पों. बुधाने भक्तिभावाने मान डोलावली. या ड्रायव्हरचा मोठाच नवस फळलेला दिसतो, असं त्याला वाटलं असावं. त्याने बैलांनाही थांबवलं, म्हणजे नमस्कार नीट व्हावा. मित्रांनो, इतकं खरं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो आणि इतकं चुकीचं कधी ऐकला गेलो नव्हतो. मी बाजूला व्हा म्हणत होतो आणि ती दोघं माझ्यापुढे हात जोडून उभी होती.

गोजराबाईने कंबरेपर्यंत अंग खिडकीबाहेर काढलं. "बाजूला सरा!" वाऱ्याने ते मागे उडवलं. "बिरीक न्हाई!" बुधाच्या गाडीला ब्रेक कधी नव्हताच, त्यात सांगण्यासारखं काय, असा त्याचा चेहरा. अंतर भराभर संपत होतं. मंगळीच्या नाकातली चमकी दिसू लागली.

तेव्हा गोजराबाईने तो शब्द उच्चारला.

"वाघ! वाघ आला, वाघ!"

त्या खिंडीत तो शब्द असा उघडा कुणी कधी उच्चारला नव्हता. बुधाचे जोडलेले हात सुटले. मंगळी पोत्यांवरून सरळ गटारात उतरली. बुधाने आधी जुवाच्या शिवळा, म्हणजे बैलांच्या माना अडकवणाऱ्या खुंट्या, उपसायला घेतल्या. जीव जायची वेळ आली तरी कुणबी-वारली माणूस बैल जुंपलेले टाकून पळत नाही. एक बैल सुटला आणि गटार ओलांडून दरडीच्या कडेने झाडीत घुसला. दुसरी शिवळ अडकली. टेम्पो शेवटच्या सरळ टप्प्याला लागला. बुधाने शिवळेला हिसका दिला, पुन्हा दिला, ती निघाली, आणि बैलाने त्यालाच फरफटत गटारापार नेलं. गाडीचं तोंड धाडकन जमिनीवर टेकलं.

रस्त्यात माणूस उरला नाही. उरली पोती. मारुतीने चाक सरळ धरलं आणि टेम्पो तुसात घातला.

त्यानंतर काय झालं ते कुणालाच दिसलं नाही, कारण सगळी खिंड पिवळी झाली. पोती फुटली, गाडी मोडत मोडत काही अंतर फरफटली, आणि टेम्पो थांबला. तूस बराच वेळ वरून पडत राहिला. मारुतीचा हात माझ्या फुग्यावर तसाच घट्ट होता. गोजराबाईने त्याची बोटं एकेक करून सोडवली.

झाडीतून बुधा आला. गुडघा सोललेला, हातात कोयता. त्याने टेम्पोच्या मागे पाहिलं, खाली वाकून पाहिलं.

"बाबा कुठं हाय?"

गोजराबाईने टेम्पोच्या बॉनेटवर थाप मारली. "ह्यो काय. तुमच्या गाडीत शिरलाय."

बुधाने मोडलेल्या गाडीकडे पाहिलं. मग मारुतीकडे पाहिलं. कोयत्यावरची मूठ आवळली, ते मला दिसलं. मारुती खाली उतरला आणि त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. पळाला नाही. एवढ्यात गटारातून मंगळी वर आली. केसांत तूस, पदरात तूस. ती सरळ माझ्यापाशी आली आणि माझ्याकडे बोट केलं.

"ह्यो खोटारडा हाय," ती म्हणाली. "आमी हात जोडीत बसलू आन ह्यो मारायला येत व्हता. आमाला काय समजायचा? याला आदी काढ तिथून."

मारुतीने पान्हा आणला आणि दाराजवळचे माझे दोन्ही नट सोडवले. मंगळीने मला काखेत मारलं तेव्हा कुठे बुधाने कोयता कंबरेला खोचला.

टेम्पोचा रेडिएटर फुटला होता. बैल सापडल्यावर बुधाने तेच टेम्पोला जुंपले. टाकीत मारुतीने वाचवलेलं डिझेल हिंदकळत होतं, पुढे बैल चालत होते, आणि अशी आमची वरात पालघरात शिरली. वाटेत उतारावर मारुती प्रत्येक वेळी खाली उतरून चाकापुढे दगड धरत चालला. बुधाची नवी गाडी तयार होईपर्यंत त्याचा तूस मारुतीच्याच टेम्पोतून गेला. खिंडीत इंजिन चालू ठेवून. मंगळी शेजारी बसायची आणि इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून असायची. आवाज जरा मंदावला की म्हणायची, "मारुतीदादा, मी उतरतू हां."

मी बुधाच्या घरात कुडाच्या भिंतीवर टांगला गेलो. नव्वद सालानंतर आखातात पुन्हा लढाई झाली, पुन्हा पंपांवर रांगा लागल्या, हे मला तिथेच कळलं. जीपमध्ये माणसं टपावर बसून जाऊ लागली. चालवणारे पुन्हा उतारावर इंजिनं बंद करू लागले असतील. माझा रबरी फुगा केव्हाच चिरला. बुधाची नातवंडं तो दाबतात, तर नुसतं फुस्स होतं आणि ती हसतात. मला आता काहीच सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहून सांगावं लागतं.

मित्रांनो, डिझेल वाचवा. जरूर वाचवा, ते पुन्हा महागणार आहे. पण ब्रेक त्या काटकसरीत धरू नका. आणि खिंडीत, चौकात, देवळापाशी, कुठेही भोंगा ऐकू आला, तर तो देवाला चालला आहे की तुमच्यासाठी, याचा विचार रस्त्यात उभं राहून करू नका. आधी कडेला व्हा. मग हात जोडा. कडेला उभ्या असलेल्यांचा नमस्कारही बाबाला पोचतो.