बाबांच्या यंत्रातला थेंब

बाबांचं कानाचं यंत्र शर्टाच्या खिशात राहिलं आणि आईने शर्ट मशीनमध्ये टाकला. झालं! संध्याकाळी ताई बाळाला घेऊन पहिल्यांदाच येणार होती. यंत्राशिवाय बाबांना दार आपटलेलं ऐकू येत नाही, नातीचा आवाज कुठला?

"मी केलाय उपाय," आई म्हणाली. "तांदळात घालून ठेवलंय."

डब्याचं झाकण इतकं घट्ट की उघडताना माझी बोटं लाल झाली. आतून झाकणाला दव धरलेलं.

"अगं, पाणी सुटून जाणार कुठे? तू तर त्याला कोंडून घातलंस."

"उघडं ठेवलं की मुंग्या होतात रे!"

मी एका दुकानात मोबाईल दुरुस्त करतो. व्हिडिओ बघून शिकलो, बरेच मोबाईल मारून शिकलो. यंत्र दुकानात नेलं, सेल काढला, खोललं, मायक्रोस्कोपखाली धरलं. माइकच्या बारीक छिद्रात एक थेंब बसलेला. टम्म.

"गरम हवा मार की," मालक म्हणाले.

"नको, आतला पडदा वितळेल."

बाबांचा तो एकुलता एक कान. स्पिरिटचा एक ठिपका सोडला, पाणी त्यात मिसळलं, आणि मी बघत बसलो. हे काम रोजचं, पण असं बघितलं कधीच नव्हतं. कड आधी थरथरली. मग आत सरकली. शेवटी रंगीत तवंगासारखं काहीतरी उरलं, आणि तेही नाही. कुठेच नाही. ना आवाज, ना धूर. बोटाला लागलेलं स्पिरिट मात्र बर्फासारखं गार. जे कण सगळ्यात जोरात उड्या मारतात ते आधी निसटतात, जाताना ऊब घेऊन जातात, म्हणून मागे गारवा. वाचलं होतं मी हे. पण एवढ्याशा थेंबात एवढी धक्काबुक्की, आणि वरून सगळं शांत! अंगावर काटा आला राव.

"काय रे, समाधी लागली का?"

"थेंब गेला, मालक."

"जाणारच. राहायला आला होता का?"

संध्याकाळी ताई आली तर बाळ गाढ झोपलेलं. मी बाबांच्या कानात यंत्र बसवलं. "ऐकू येतंय का?" मी सवयीने ओरडलो.

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि ते बाळावर वाकले. आम्हीही कान टवकारले. आम्हाला काहीच ऐकू येईना.

"घोरतेय," बाबा म्हणाले. चक्क हळू आवाजात. "आजीवर गेलीय."