नावानं हाक

माजिवड्याचा परशुराम कल्याणच्या बॉयलर-कारखान्यात शिरला तो तरणाताठा, आणि तिथंच कान गमावून बसला. बॉयलरच्या पोटात शिरून बसायचं, हे त्याचं काम. बाहेरून घणकरी तापलेल्या खिळ्यांवर घण घालायचे आणि हा आतून जड लोखंड टेकवून खिळा धरून ठेवायचा. देवळातल्या घंटेत डोकं घालून दिवस काढावा, तसं. कान गेल्यावर मुकादमानं त्याला ओझी उचलायच्या यारीवर साखळी सोडायला उभं केलं. एके दिवशी लोक "थांब, थांब" ओरडत राहिले, परशुराम साखळी सोडत राहिला आणि खाली उभ्या महिपत मजुराचा पाय चिरडला.

कारखान्यानं कानांवर हात ठेवले. माणूस बहिरा नाहीच, सोंग करतो. हयगय त्याची, तुरुंगात त्यानंच जावं! ठाण्याच्या कोर्टात खटला उभा राहिला. नौपाड्याचे त्र्यंबकराव वकील परशुरामाच्या बाजूनं पोटतिडकीनं बोलले. "ज्यांनी बहिरा केला, त्यांनीच बहिऱ्याच्या हाती साखळी दिली!" पण बहिरेपण दाखवायचं कसं?

परशुरामाची बायको आवडाबाई भिंतीशी जीव मुठीत धरून उभी होती. तिच्यापुरता नवरा बहिरा नव्हताच. मिठागरावरून आली की चुलीपुढं ती दिवसभराचं सांगत बसे, आणि तो समोर बसून बरोबर हुंकार देई. "तुजा आवाज तेवढा येतो मना," तो म्हणायचा. हे तिनं वकिलांनाही सांगितलं नव्हतं.

पण घरी नवराबायकोच्या गप्पा चालतात, हे कारखान्याच्या वकिलानं शेजाऱ्यांकडून काढलं होतं. बायकोला मागून हाक मारू द्या, म्हणाला. मॅजिस्ट्रेटनं परवानगी दिली.

"अवो," आवडाबाई म्हणाली. परशुराम हलला नाही.

"अवो कुणालाही म्हणतात," वकील हसला. "नावानं हाक मारायला सांगा."

कोर्टात कुजबुज झाली. लग्न झाल्यापासून आवडाबाईनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, कोणती बाई घेते? तो वळला तर तुरुंग. वळू नका, वळू नका, असं मनात घोकत तिनं डोळे मिटले आणि जीव खाऊन ओरडली, "परशुराम!"

दारातला पट्टेवालासुद्धा दचकला. परशुराम साहेबाच्या मेजाकडं बघत तसाच उभा होता.

तो सुटला. कारखान्याचं काय, हा प्रश्न या कोर्टापुढं नाही, असं सांगून मॅजिस्ट्रेट उठले. कायद्याला दिसतं ते असं अर्धंच.

बाहेर त्र्यंबकराव खुशीत होते. आवडाबाईला मात्र रडू आवरेना. इतकी वर्षं तो तिच्या ओठांकडं बघून हुंकार देत होता. तिचा आवाजही त्याला कधीचा सोडून गेला होता, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून तो खोटं बोलत आला होता.

"सुटलो कनी? मंग रडतंस काय?" परशुरामानं विचारलं. "आनि सगली तुज्याकडं बगत होती. काय बोललीस तू?"

तिनं पदरानं डोळे पुसले, त्याच्यासमोर उभी राहिली आणि त्याचं नाव पुन्हा घेतलं.

परशुराम लाजला. त्यानं घाईनं इकडंतिकडं पाहिलं.

"हलू बोल," तो म्हणाला. "कोनी आयकंल."

आवडाबाईनं नुसते ओठ हलवले होते.