शेवटच्या रिळातली सरी

खरखर काढणं हा शाल्मलीचा पोटापाण्याचा धंदा. जुन्या सिनेमांच्या आवाजात वर्षानुवर्षांचा कचरा साठलेला असतो. तो बेळ्ळंदूरच्या एका काचेच्या इमारतीत बसून, कानांवर हेडफोन चढवून, तांदळातल्या खड्यांसारखा निवडून काढायचा. पुण्यात तिची आई शेजारणींना ‘मुलगी बंगळूरला सिनेमात असते’ एवढंच सांगायची. शेजारणी भुवया उंचावायच्या आणि आई त्या उंचावू द्यायची.

सध्या हातात होता ‘शेवंतीचा वायदा’. अठ्ठावन्न सालचा मराठी सिनेमा, पण काढलेला बंगळूरला, कारण निर्मात्याच्या मेव्हण्याचा इथं स्टुडिओ होता. नायिकाही इथलीच धरून आणलेली, सतरा वर्षांची विमला. सिनेमा आला तसा गेला आणि डबे कुठल्याशा गोदामात पडून राहिले. त्या काळी चित्राची फिल्म वेगळी असायची आणि आवाजाची वेगळी. चित्राच्या शेवटच्या रिळाचा डबा उघडला तेव्हा आंबट वासाचा भपकारा आला आणि आत नुसता काळा लगदा निघाला. आवाजाचं रीळ मात्र ठणठणीत. म्हणजे शेवटचा प्रसंग आता फक्त ऐकायचा, पडद्यावर अंधार.

प्रसंग असा. नायक म्हणतो, “मी मद्रासला निघालो. दोन वर्षं तरी लागतील. थांबशील माझ्यासाठी?” मग मोठी शांतता. मग नायिकेचा एकच शब्द, “सरी.” त्यावर बासरी, आणि समाप्त.

“अगं, ब्रेकअप आहे हा!” तनय खुर्चीवरून उठलाच. तनय म्हणजे स्टुडिओचा प्रमुख, मूळचा नागपूरचा, आणि उत्साहाच्या बाबतीत नागपूरच्या उन्हासारखा. “दुसऱ्या रिळात तो तिला सोन्याची सरी देतो ना? तीच ती परत करते. ही घे तुझी सरी, नाही थांबत, जा! फिफ्टी-एटमध्ये! इमॅजिन कर!”

शाल्मलीनं इमॅजिन केलं. पुण्याच्या एका महोत्सवानं तर तिच्याही पुढं जाऊन केलं. काळाच्या पुढची नायिका सापडल्याच्या आनंदात त्यांनी ‘शेवंतीचा वायदा’ थेट उद्घाटनाला लावला. अंधाऱ्या पडद्यावर दाखवायची पाटीही ठरली: ‘नायिका गळ्यातली सरी काढून परत करते.’ उद्घाटनाच्या सिनेमात शाल्मलीचं नाव पहिल्यांदाच स्वतंत्रपणे झळकणार होतं. आईला आता शेजारणींना आणखी एक वाक्य सांगता आलं असतं.

आणि नाव झळकावं असं काम तिनं केलंही होतं. ‘थांबशील?’नंतरच्या शांततेत कसलीशी फुसफुस होती. ती काढायला तिनं जिवाचं रान केलं. आता तिथं इतकी स्वच्छ शांतता होती की तनयनं तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकून तिची पाठ थोपटली.

राहता राहिल्या विमला. त्या अजून होत्या, बंगळूरमध्येच, के. आर. पुरमला, मुलाकडे. महोत्सवात दाखवायला त्यांचे चार शब्द टिपून आणायचं शाल्मलीवर आलं.

दार सुनेनं, श्रीविद्यानं उघडलं. आतून लगेच हाक आली, “या गे या! स्वल्प बस. काफी घेतेस की?”

विमलाक्का खणखणीत होत्या. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर आलेलं. “आलो ते आलोच, परत जायचं राहून गेलं,” असं त्या म्हणाल्या, जणू गेल्या आठवड्यातली गोष्ट. बोली मराठीच, पण कन्नडच्या शेजारात वाढलेली. स्वतःचा सिनेमा त्यांनी कधीच पाहिला नव्हता. “तो येईपर्यंत लग्न झालं. सासरी सिनेमाचं नाव काढायचं नाही. मग दिवस गेले, आणि सिनेमाच गेला.”

शाल्मलीनं फोनवर शेवटचा प्रसंग ऐकवला, फोनचाच कॅमेरा लावला आणि मुलाखतकाराचा गंभीर चेहरा केला. “अक्का, सरी परत करताना तुमच्या मनात काय होतं?”

“कसली सरी?”

“गळ्यातली. नायकानं दिलेली.”

 विमलाक्का अशा हसत सुटल्या की श्रीविद्या स्वयंपाकघरातून धावत आली.

“अय्यो, सरी म्हणजे सरी गे! बरं म्हणजे! तो विचारतो थांबशील का, मी म्हणते सरी. थांबते म्हटलं की त्याला!”

शाल्मलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तीन वर्षं ती या गावात राहत होती. रिक्षावाला सरी म्हणायचा, भाजीवाली सरी म्हणायची, ऑफिसचा वॉचमन तर दुसरं काही म्हणतच नसे. पण मराठी सिनेमा म्हटल्यावर तिनं आणि तनयनं कान पुण्या-नागपूरचे लावले, आणि घातला गोंधळ. चित्र असतं तर सतरा वर्षांच्या पोरीचा चेहरा बघून शेंबड्या पोरालाही अर्थ कळला असता.

“लिहिलेलं होतं ‘बरं’,” विमलाक्का डोळे पुसत म्हणाल्या. “पण मी त्या दिव्यांकडे बघून सगळं विसरले बघ. आई माझ्याबरोबर यायची शूटिंगला. ती मागं सेटवरच्या तुळशीआड उभी होती, तिनं हळूच सांगितलं. आमच्या घरी ‘बरं’ कोण म्हणतं? तिनं सांगितलं तसं मी म्हटलं. डायरेक्टर कपाळाला हात लावून बसला. पण फिल्म संपली होती, करणार काय!” मग त्यांनी फोनकडे बोट केलं. “परत लाव गे स्वल्प.”

शाल्मलीनं परत लावलं. विमलाक्कांनी फोन कानाशी धरला. थांबशील माझ्यासाठी? शांतता. सरी.

“आई कुठं गेली?” त्यांनी विचारलं.

शाल्मलीनं फोनचा आवाज वाढवून दिला.

“ती इथंच बोलली होती, मधे. तिचा फोटो आहे एक. आवाज कुठला मिळायला? मला वाटलं, तुझ्या त्या डब्यात असेल.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. फोन परत देत त्यांनी सुनेला आणखी काफी आणायला सांगितलं. 

बेळ्ळंदूरला पोचेपर्यंत रस्त्यानं तिची भरपूर परीक्षा पाहिली. ऑफिसात शिरल्या शिरल्या तिनं साफ करण्याआधीचा मूळ आवाज उघडला. तो जपून ठेवायचा असतो, एवढं तरी या धंद्यात शहाणपण आहे. आता काय ऐकायचं हे माहीत होतं, त्यामुळं फुसफुशीतून शब्द सुटे झाले. दबक्या आवाजात, घाईघाईनं, पण माया अशी की दिव्यांनाही घाबरायचं कारण उरू नये: “सरी म्हण गे, विमू.”

शाल्मलीला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. एका बाईचा जगात उरलेला एवढाच आवाज, आणि आपण तो कचरा म्हणून काढला, वर पाठ थोपटून घेतली.

तनयनं ऐकलं आणि डोकं धरलं. “शाल्मली, हे ठेवलं तर ब्रेकअपची थिअरी गेली. ओपनिंग गेलं. तुझं नाव गेलं. आणि प्रॉम्प्टिंग तर एरर आहे ना, काढायलाच हवा. कोणाला कळणारे?”

“मला कळणारे. अक्कांना कळणारे.” तिचा आवाज चढला. “चित्र तर गेलंच आहे तनय. उरलंय त्यात पण आपल्याला सोयीचं तेवढंच ठेवायचं? मग आपण सिनेमा वाचवतोय की नवीन काढतोय?”

 तनयनं मूळ तुकडा पुन्हा लावला, शेवटपर्यंत ऐकला, आणि स्वतःच पुण्याला फोन केला. पलीकडून आलेला आवाज शाल्मलीलाही ऐकू गेला: “नायिका हो म्हणते? मग त्यात विशेष काय?” उद्घाटन गेलं. सकाळचा एक आडवेळेचा खेळ तेवढा मिळाला.

पण त्याआधी तनयनं आपणहून बंगळूरच्या मराठी मंडळाचा हॉल ठरवला. पाटी बदलली: ‘चित्र उपलब्ध नाही. आवाज मूळचा.’ पुढच्या रांगेत इथली जुनी घराणी रेशमी साड्यांत बसली, मागं व्हाइटफील्डच्या आयटीतली तरुण मंडळी फोन चाचपत. विमलाक्का शाल्मलीशेजारी होत्या. आपल्याच सतरा वर्षांच्या चेहऱ्याकडे त्या सबंध सिनेमाभर तिऱ्हाइतासारख्या बघत होत्या. “बारीक होते की मी,” एवढंच मधे एकदा म्हणाल्या.

पडदा काळा झाला. थांबशील माझ्यासाठी? आणि मग भरल्या हॉलमध्ये, तुळशीआडून, ती कुजबुज आली. “सरी म्हण गे, विमू.”

“सरी,” पोरगी म्हणाली.

पुढच्या रांगा खळखळून हसल्या, मागच्यांना पटकन उमगलं आणि तेही हसले. बासरी सुरू झाली. हसल्या नाहीत त्या एकट्या विमलाक्का. समोरच्या काळ्या पडद्याकडे त्या किंचित वाकल्या आणि शाळेतून आलेल्या पोरीच्या आवाजात म्हणाल्या, “म्हटलं गे आई. म्हटलं.”