खंडेनवमीला घासलेली काचनळी

मी परळच्या एका प्रयोगशाळेतली काचेची नळी बोलतेय. रागात बोलतेय, म्हणून आधीच माफी मागून ठेवते.

भट्टीतून निघाले तेव्हा वाटलं होतं, कुठल्यातरी औषधाच्या दुकानात आयुष्य सडणार. पण गिरगावच्या पद्मजा विजयकरच्या हाती पडले आणि नशीब उघडलं. तिला जंतूंवर डॉक्टरेट करायची होती. औषध पचवायला जंतू पिढ्यान्‌पिढ्या कसे शिकतात, ते तिला पाहायचं होतं. आम्ही दोघी नळ्या तिच्या दिमतीला. आज माझ्यातला थेंब बहिणीत, उद्या तिच्यातला माझ्यात. दर खेपेला औषध कणभर जास्त. एक दिवस चुकवायचा नाही, हा तिचा नेम. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली, ट्रामा बंद पडल्या, तेव्हाही बाई गिरगावातून परळपर्यंत पायी आली. तुटकी चप्पल हातात धरलेली.

शरच्चंद्र सर तिचे मार्गदर्शक. ते म्हणाले, "संशोधकाची जागा एकच आहे. दसरा झाला की समिती बसेल. औषध पचवणारे जिवंत जंतू दाखवा, जागा तुमची."

खंडेनवमीला दोनशे एकाहत्तर दिवस भरले. घरचा नैवेद्य उरकून यायला पद्मजाला तासभर उशीर झाला. तेवढ्यात आमच्या म्हाताऱ्या शिपायाने, बुधाजीने, टेबलावरच्या नळ्या उचलल्या. अडीअडचणीसाठी थोडे जंतू भरून बर्फपेटीत राखून ठेवलेल्याही सोडल्या नाहीत. सगळ्या उकळल्या, राखेने घासल्या. मी पडले काच, ओरडणार कशी?

पद्मजा आली तेव्हा आम्ही झेंडूच्या फुलांत लखलखत होतो.

"बाय, आज हत्यारांची पूजा. उष्टी कशी पुजूची? सगळी धुवून उकळून घेतलंय," बुधाजी कौतुकाने म्हणाला.

तिने मला उचलून उजेडात धरलं; आत काही उरलं नव्हतं. मग त्या म्हाताऱ्याच्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं. "छान केलंत, मामा," एवढंच म्हणाली आणि प्रसाद घेतला.

पुन्हा तसे जंतू तयार करायला तिने सरांकडे नऊ महिने मागितले. "तुमच्या नोंदवहीवर माझा विश्वास आहे हो, पण समितीला जंतू हवेत," ते म्हणाले. जागा दुसऱ्याला गेली. आता ती शीवच्या एका दवाखान्यात लोकांची लघवी तपासते. बुद्धी कुठे आणि काम कुठे!

बुधाजीला आजवर कोणी काही सांगितलेलं नाही. दर नवमीला तो मला कपाटातून काढतो, गंध लावतो, हात जोडतो. माझा नुसता जळफळाट होतो. अहो, माझी पूजा आवरा! माझ्यात पुन्हा थेंबभर जंतू वाढू द्या, आणि ते वाढवायला पद्मजाला बोलवा.