काउबॉयची भजनं

ह्यांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना.

इथे परदेशात, क्लेमेंटीच्या आमच्या बिल्डिंगमागे हिरवळीवर केळीच्या पानात पिंड ठेवला होता. भटजी पुण्याहून फोनवर मंत्र सांगत होते. त्याच फोनमध्ये माझी नणंद मीनल टक लावून बसली होती. कावळा समोरच्या झाडावर. नुसता बसलेला, सरकारी माणसासारखा.

"आई, आटपायला हवं," माझा निशिकांत म्हणाला. "इथे पाखरांना खायला घातलं की दंड होतो."

"बापाला घालतोयस. पाखराला नाही."

त्याने हात जोडले. "बाबा, आईला मी नीट सांभाळीन."

कावळा वरच्या फांदीवर गेला.

सून क्षिप्रा म्हणाली, "गार्गीला मराठी वाचायला शिकवीन, बाबा."

कावळ्याने मान फिरवली. त्यालाही ठाऊक होतं.

"वहिनी," फोनमधून मीनल, "दादाची काहीतरी इच्छा राहिली हो. तुम्हीच आठवा."

आता ही बातमी पुण्यात घरोघर जाणार. माणूस अतृप्त गेला म्हणून, आणि तेही माझ्या हातचं खाऊन.

"आजोबाज काउबॉय साँग्ज, लाह," नात गार्गी इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

ह्यांनी इथल्या जुन्या बाजारातून एका नावाजलेल्या अमेरिकन गवयाची तबकडी आणली होती. वर टोपीवाला, आत गिटारवर येशूची भजनं. माझ्या देवघरासमोर ती वाजणार नाहीत, असं मी सांगितलं होतं. मग हे कानाला हेडफोन लावून ऐकायचे आणि भसाड्या आवाजात साथ द्यायचे. घराला तेवढी साथच ऐकू येई.

निशिकांतने स्वतःच्या फोनवर तीच गाणी लावली. कावळा खाली उतरला, पानापासून हातभर लांब थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. चहात साखर कमी पडली की हे असेच बघायचे.

शब्द माझाच हवा होता.

"बरं," मी म्हटलं. "दर रविवारी घरात वाजेल. मोठ्यांदा. देवांना मी समजावते."

कावळ्याने चोच मारली. मीनल रडली. तिला कारण लागत नाही.

आता रविवारी पूजा झाली की तबकडी लावते. निशिकांत म्हणतो, "आई, आवाज कमी कर, शेजारी तक्रार करतील."

करू देत. ह्यांना कमी ऐकू यायचं.